जुडी हातात देत नाहीत

“नाव सांगा, भंते. एक नाव. तेवढं मिळालं की मी निघालोच.”

भंते ह्वेइतान गुडघाभर चिखलात वाकलेले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. हातातल्या जुडीतून चार रोपं सुटी केली, चिखलात खोवली आणि पुढची चार घेतली.

“भंते, मी शेन वेइलियांग. नवा न्यायाधीश. आत्ताच सांगितलं मी.”

“ऐकलं.”

“मग?”

“मग जरा बाजूला हो. तुझ्या मागे माणूस उभा आहे. त्याला जाऊ दे.”

वेइलियांगने मागे वळून पाहिलं. खरंच, अरुंद बांधावर एक माणूस कावडीला गव्हाचे भारे बांधून उभा होता. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला ‘सरका’ कसं म्हणायचं, या पंचाइतीत बिचारा केव्हाचा ताटकळला होता. घाम त्याच्या हनुवटीवरून टपटपत होता.

चिनी पंचांगात वर्षाचे चोवीस तुकडे आहेत. त्यातल्या एकाचं नाव मांगचुंग. आपल्याकडे मृग लागतो, त्याच सुमारास हा येतो. यांगत्से नदीच्या दक्षिणेला या दिवसांत एकाच शेतात दोन कामं एकदम अंगावर येतात. गव्हाची कुसळं बोटांना टोचायला लागली की तो कापायचा. कापून जमीन मोकळी झाली की तिच्यात पाणी सोडायचं, चिखल करायचा आणि लगेच भाताची लावणी. गहू जास्त दिवस उभा राहिला तर पावसात कुजतो, रोप जास्त दिवस थांबलं तर जून होतं. या दिवसांत कुणी लग्न ठरवत नाही, कुणी जुनं भांडण उकरून काढत नाही आणि शहाणा माणूस कुणाकडे पाहुणा म्हणून जात नाही.

वेइलियांग आला होता. बरं, एकटाही आला नव्हता.

त्याच्या बैलगाडीवर माणसाच्या उंचीची एक काळी शिळा होती. घासून गुळगुळीत केलेली, वरच्या कडेला ढगांची नक्षी. मजकूर कोरून तयार होता. दुष्काळाच्या दिवसांत या गावच्या अमुक व्यक्तीने अन्न देऊन न्यायाधीश शेन वेइलियांग यांचे प्राण वाचवले, त्या उपकाराची ही खूण. त्यात ‘अमुक’ची जागा तेवढी कोरी होती. नाव कळलं की पाथरवट तिथल्या तिथे ते कोरणार होता, म्हणून त्यालाही सोबत आणलं होतं. न्यायाधीशाचं नाव बाकीच्या मजकुरापेक्षा जरा मोठ्या अक्षरांत आलं होतं. ते पाथरवटाने आपण होऊन केलं असेल, असं आपण धरून चालू.

गाडी गावाच्या गाडीवाटेवर उभी होती. गावाला तेवढी एकच गाडीवाट. गहू खळ्यावर न्यायचा तर तिथूनच आणि रोपं शेतात आणायची तर तिथूनच. सकाळपासून सगळं गाव त्या गाडीला वळसा घालून, बांधांवरून तोल सावरत ये-जा करत होतं. कुणी तोंडाने काही बोललं नव्हतं.

“भंते, संध्याकाळी माझी होडी आहे,” वेइलियांग म्हणाला. “नेमणूक दूर दक्षिणेला झाली आहे. पुन्हा इकडे येणं होईल असं वाटत नाही.”

“मग लवकर आटपू. तुझे बैल रिकामेच आहेत ना?”

“बैल?”

“खालच्या शेतात चिखल सारखा करायचाय. आमचा रेडा लंगडतोय.”

नाही म्हणावं असं काही कारण वेइलियांगला सापडेना. त्याने गाडीवानाला खूण केली. बैल सुटले आणि चिखलात उतरले. जुड्या टाकणारा गडी हातातली टोपली बांधावर ठेवून त्यांच्या मागे धावला. बैलांना चिखल भलताच आवडलेला दिसत होता.

गाडीचं जू जमिनीला टेकलं, तशी शिळा तिरपी झाली.

आता गव्हाचे भारे नेणाऱ्या बायकांच्या दृष्टीने पाहा. समोर गुळगुळीत, उतरता, भरभक्कम दगड. खळं अजून लांब. दोघीजणी थांबल्या, एकमेकींकडे पाहिलं, खाली चटई अंथरली आणि एकीने पेंढी उचलून धाडकन त्या शिळेवर झोडली.

“अहो! अहो, बाई!” वेइलियांग ओरडला. “ते स्मारक आहे!”

“हो का? दाणे मात्र छान सुटतात हो,” ती म्हणाली आणि दुसरी पेंढी उचलली.

पाथरवट काय करत होता? पाथरवट केरसुणी घेऊन कोरीव अक्षरांत अडकलेले दाणे चटईवर लोटत होता.

हे सगळं वाचून न्यायाधीश म्हणजे नुसता फुगलेला माणूस असं वाटत असेल, तर तसं नव्हतं. मोठेपणा त्याच्या अंगी आलेला होता, हे खरं. पण तो ज्या कामासाठी आला होता ते काम त्याच्या छातीवर बसलेलं होतं.

तो चार-पाच वर्षांचा असताना उत्तरेत नदीचा बांध फुटला होता. बाप पाण्यात गेला. आई त्याला पाठीशी बांधून दक्षिणेकडे चालत निघाली. ती या गावात पोचली तेव्हा जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून हिरवं, असे वाईट दिवस होते. विहाराच्या दाराशी तिला भात मिळाला. काही दिवस मिळत राहिला. पोराच्या पायांत बळ आलं, तशी एका सकाळी ती उठून पुढे चालू लागली. कुणाला काही न बोलता.

पुढे तिने लोकांची धुणी धुतली, मुलाला शिकवलं, त्याला परीक्षा देताना पाहिलं, पास होताना पाहिलं. घरात सुबत्ता आली. तरी वाटीत भात वाढला की ती क्षणभर थांबायची. मुलगा विचारायचा, “काय झालं?” ती म्हणायची, “काही नाही, जेव.”

गेल्या हिवाळ्यात ती गेली. जाताना मुलाचा हात धरून म्हणाली, “मी मान वरसुद्धा केली नाही रे. लाज वाटत होती. कोण देतंय ते पाहिलंच नाही. तू जा. नाव विचार. आणि माझ्याकडून सांग...”

काय सांग, ते सांगायला तिला श्वास पुरला नाही.

म्हणून ती शिळा. म्हणून ती कोरी जागा.

वेइलियांगने बूट काढले. रेशमी झगा कमरेला खोचला आणि सरळ चिखलात उतरला. पहिल्याच पावलाला तो पोटरीपर्यंत गेला, दुसऱ्याला पडता पडता वाचला. कसाबसा भंतेंच्या समोर जाऊन उभा राहिला, बरोबर जिथे पुढचं रोप लावायचं तिथे.

“नाव सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

भंतेंनी कंबर सरळ केली. पाठीवर हात ठेवून हळूच मागे झुकले. त्यांचं वय झालं होतं, ते आत्ता दिसलं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“असं कसं? भात तुम्ही शिजवत होता. आईला तेवढं आठवत होतं. वाढणाऱ्या भिक्षूचा तरुण हात, मनगटावर भाजल्याचा डाग.”

“शिजवत मीच होतो. तांदूळ माझा नव्हता.”

“मग कुणाचा होता?”

भंतेंनी हातातली रोपं पाण्यात बुडवून ओली केली.

“या गावाचं बियाणं विहाराच्या माळ्यावर असतं. प्रत्येक घराचं वेगळं. घरात ठेवलं की उपासाच्या दिवसांत त्याला हात लागतो. म्हणून लोक आमच्याकडे ठेवतात.”

“बरं.”

“त्या वर्षी रस्त्याने माणसं यायला लागली. तुझ्या आईसारखी. विहारात दाणा नव्हता. मी माळ्याची शिडी लावून ठेवली, शिडीशी एक रिकामी टोपली ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. कोण वर चढलं, कोण चढलं नाही, मी पाहिलं नाही. बाहेर आलो की टोपलीत साळ असायची. ती मी कांडायचो आणि शिजवायचो.”

वेइलियांगचा चेहरा बदलला.

“बियाणं?”

“दुसरं काही उरलं नव्हतं.”

“मी... आम्ही बियाणं खाल्लं?”

भंतेंनी रोपांची मुळं सारखी केली.

“मग त्या वर्षी लावणी...”

“पाणी होतं. चिखलही झाला होता. लावायला रोप पुरलं नाही. बरीच शेतं तशीच राहिली.” भंतेंनी खाली पाहिलं. “हेसुद्धा.”

वेइलियांगनेही खाली पाहिलं. त्याचे पाय त्या चिखलात दिसेनासे झाले होते. बियाणं खायची वेळ म्हणजे काय, हे कळायला शेतकरी असावं लागत नाही. आई वाटीसमोर क्षणभर थांबायची, म्हणजे तिलाही हे कुठेतरी ठाऊक असावं, असं त्याच्या मनात आलं.

बेडूक ओरडत होते. तिकडे शिळेवर पेंढ्या आपटत होत्या.

मग तो एकदम म्हणाला, “तर मग सगळी नावं हवीत! सगळ्यांची. अख्खं गाव कोरतो मी. शिळा मोठी आहे. नाही पुरली तर दुसरी आणतो.”

“आणि ज्यांनी टाकलं नाही त्यांची?”

“म्हणजे?”

“काहींकडे टाकण्याइतकं नव्हतं. काहींकडे होतं, पण छाती झाली नाही. पदरात पोरं होती. त्यांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही.” भंतेंनी ओळीकडे हनुवटीने खूण केली. “त्यांची मुलं ही इथे तुझ्या डाव्या-उजव्या हाताला लावणी करतायत. उद्या तुझी शिळा उभी राहिली की ती तिच्यावर आपल्या बापाचं नाव शोधायला जातील.”

वेइलियांगने पाहिलं. गवताच्या टोप्यांची लांब ओळ. सगळ्या वाकलेल्या. कुणाच्या बापाने टोपलीत साळ टाकली होती आणि कुणाच्या बापाने नव्हती, काही ओळखू येत नव्हतं.

त्याच्या तोंडून आवाज आला तो कचेरीतला नव्हता.

“मग मी आईला काय सांगू, भंते?”

भंतेंनी हातातल्या रोपांवरचा चिखल झटकला.

“तिने एकच काम सांगितलं होतं मला. जन्मभर तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. एकच...”

“रोपं संपली हो!” ओळीच्या टोकाकडून खणखणीत हाक आली. ती लो मावशी. लावणीत तिचा हात गावात सगळ्यात चलाख, आणि जीभ त्याहून. “जुड्या टाकायला कुणी आहे का, की सगळे बैलांची वरात बघायला गेले?”

बांधावर टोपल्या भरून ठेवलेल्या होत्या. वाफ्यातून सकाळीच उपटलेली रोपं, मूठ मूठभर, पेंढ्याने बांधलेली. आजची आजच लागली पाहिजेत. ऊन चढत होतं आणि वरची पानं मान टाकायला लागली होती.

“तिला जुडी दे,” भंते म्हणाले.

“मी?”

“तुझेच हात रिकामे आहेत.”

वेइलियांगने डोळे पुसले. टोपलीतून एक जुडी उचलली आणि चिखल तुडवत मावशीपर्यंत गेला. आईने वाढवलेला मुलगा तो. वडीलधाऱ्यांना वस्तू कशी द्यायची हे त्याला ठाऊक होतं. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी त्याने जुडी पुढे धरली.

“मावशी, घ्या.”

लो मावशीने झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले.

अख्खी ओळ थांबली. सगळ्या टोप्या वर झाल्या.

“अहो सरकार, हातात काय देताय!”

“मग... कसं द्यायचं?”

“जुडी हातात देत नाहीत. हातात दिली की देणाऱ्या-घेणाऱ्याचं बिनसतं. माझ्या सासूने एकदा जावेच्या हातात दिली. दोघी मरेपर्यंत बोलल्या नाहीत. वर जाऊन बोलल्या असतील तर माहीत नाही.” ओळीत कुणीतरी खुदकन हसलं. “पाण्यात टाका. माझी मी उचलते.”

“पण तुम्ही तर माझ्यासमोरच उभ्या आहात.”

“म्हणून तर म्हणते, इथून हला. तिकडे बांधावर जा. माझ्या पाठीमागे. कोण टाकतंय ते मी बघणार नाही, तुम्हीही माझ्या तोंडाकडे बघत बसू नका. माझ्या हाताशी जुडी असली म्हणजे झालं.”

एवढं बोलून तिने पाठ फिरवली. न्यायाधीशाकडे पाठ! बांधावरचा गाडीवान घाबरून इकडे तिकडे पाहू लागला.

वेइलियांग बांधावर गेला. नेम धरून जुडी फेकली. ती मावशीच्या ढुंगणावर बसली आणि चिखलाचा शिंतोडा थेट टोपीपर्यंत उडाला.

“सरकार, शिक्षा सुनावताय की रोप टाकताय?”

आता मात्र शेतभर हशा पिकला. वेइलियांगचे कान लाल झाले. त्याने दुसरी जुडी फेकली, ती उलटी पडली, मुळं आकाशाकडे. तिसरी लांब गेली. चौथी हातात घेऊन तो थांबला. जरा वजन पाहिलं, मुळांचा भार खाली येईल अशी धरली आणि हलकेच सोडून दिली.

जुडी मावशीच्या मागे, तिच्या हाताच्या अंतरावर, नीट उभी पडली.

मावशीने न पाहता हात मागे नेला. जुडी सापडली. पेंढ्याची गाठ सोडली. चार रोपं खोवली, पुढची चार खोवली.

वेइलियांग पाहत राहिला. ती वळेल, मान तरी डोलावेल, असं त्याला वाटत होतं.

ती वळली नाही.

“इकडेही!” दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी हाक मारली. त्याने तिकडे टाकली. मग मधल्या माणसाला. मग एका म्हाताऱ्याला, ज्याचा हात जरा चाचपडत होता. त्याच्यासाठी अगदी जवळ टाकली. पहिली टोपली संपली, त्याने दुसरी ओढली. झगा चिखलाने पार माखला होता. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर न्यायाधीश कोणता आणि गडी कोणता, ते सांगता आलं नसतं.

पाणी मातकट होतं, ते हळूहळू हिरवं दिसायला लागलं.

कुणीच वळून पाहत नव्हतं. हात मागे यायचा, जुडी उचलायचा, पुढे जायचा. कुणाचा हात, कुणाच्या घरचा, हे वेइलियांग विचारेनासा झाला. कुठला हात रिकामा होतोय, तेवढंच त्याला दिसत होतं. रिकामा हात मागे यायच्या आधी जुडी तिथे पोचली की त्याला बरं वाटायचं. खूप बरं वाटायचं. लहानपणी पोटभर जेवून आईच्या पाठीवर डोकं टेकलं की वाटायचं, तसं काहीतरी.

मधे कुणीतरी आंबट-गोड आलुबुखारांचं पाणी मडक्यात आणून बांधावर ठेवलं. सगळे येऊन पीत होते, तोही प्यायला. कुणी आणलं ते विचारायचं राहूनच गेलं.

ऊन कललं. गाडीवान बैल घेऊन आला. बैल शेपटापर्यंत चिखलाने माखले होते आणि खुशीत होते.

“सरकार, होडीची वेळ...”

“थांब जरा. ही टोपली संपू दे.”

शेवटची जुडी मावशीला गेली. तिने ती लावली, हात धुतले, कमरेवर ठोसे मारले आणि सुनांना हाका मारत घराकडे निघाली. मागोमाग बाकीचेही निघाले. थकलेले, बडबडणारे, भुकेलेले. वेइलियांगच्या बाजूने गेले, कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, आभार मानण्याची तर गोष्टच सोडा. घरी गेल्यावर काय खायचं, यावर त्यांचा वाद चालला होता.

वेइलियांग रिकाम्या हातांनी बांधावर उभा राहिला. समोर शेत भरलं होतं, ओळीत ओळ. पाठमोरी माणसं गावाच्या वळणाशी लहान लहान होत चालली होती. त्याने त्यांच्यावरची नजर काढली नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसावेत असं त्याला वाटत नव्हतं.

भंते पाटात पाय धुऊन त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“कुणी वळून पाहिलं?”

“नाही.”

“तुझं नाव विचारलं?”

“नाही.”

“वाईट वाटलं?”

वेइलियांगने मान हलवली. नाही.

“भंते... त्यांनी उचलल्या. मी टाकलेल्या. मला तर त्यांचेच आभार मानावेसे वाटतायत.”

वळणावरचा शेवटचा माणूसही दिसेनासा झाला. वाट मोकळी झाली.

मग त्या वाटेकडेच पाहत भंते म्हणाले,

“तुझी आई मान खाली घालून याच वाटेने गेली. तेव्हा आम्ही गावचे सगळे इथे बांधावर, आत्ता तू उभा आहेस तसेच उभे होतो.”